पुण्यात सायकल रस्त्याच्या कडेला कशी गेली

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते उगाच नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई. सायकलीला पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा कुणी डबलसीट दिसलं की पोलीस अडवत. जाच होताच, पण त्यात एक मान होता: सायकल हे वाहन धरलं जात होतं.

1972 साली लुना ही मोपेड आली, बजाजची चेतक स्कूटरही आली. लुनाला पायडलं होती. चढावर तीही मारावी लागत. चेतकसाठी नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबत आणि तोवर सायकलवरच कामाला जात. मला या थांबण्याचं फार महत्त्व वाटतं. स्कूटर हाती येईपर्यंत माणसाला सायकलचं सगळं ठाऊक झालेलं असे. पुढच्या सायकलवाल्याने हात बाहेर काढला की मागचा आपसूक वेग कमी करी, कारण काल तो हात त्याचाच होता.

1984-85 पासून जपानी तंत्राच्या मोटरसायकली आल्या, पुढे हप्त्यांवर गाडी मिळू लागली, नंबर संपले. कॉलेजात पाय टाकताच हाती पहिलं वाहन आलं तीच बिनगिअरची स्कूटर. कोपराला घासून बस जाते तेव्हा पोटात काय होतं, हे या पिढीला कळायचं राहून गेलं. कट मारणारा दुष्ट असतो असं मी मानत नाही. त्याने ते कधी सोसलेलं नसतं, एवढंच.

2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर, सायकल ट्रॅक झाले, 2017 मध्ये पालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. ट्रॅकवर गाडी चालवू नये, असं रस्त्याच्या 1989 च्या नियमांतच होतं. तरी ट्रॅकवर गाड्या उभ्या, टपऱ्या, मध्येच उखडलेल्या फरश्या. म्हणून सायकलवाला रस्त्यावर येतो, तर मागून आवाज येतो, "ट्रॅक दिलाय ना तुम्हाला?" ट्रॅक असा उलटा अंगावर आला.

आज कामासाठी सायकल चालवणारे बहुतेक वॉचमन, गवंडी, पेपर टाकणारी पोरं. सिग्नलला हँडलला डबा अडकवलेला एखादा वॉचमन उभा असतो. हिरवा पडायच्या आतच मागून हॉर्न सुरू होतात, आणि तो खाली उतरून सायकल हाताने कडेला घेतो.