जॉन गेडी यांची अनैत्युम बेटावरील स्मृती

दक्षिण पॅसिफिकमधील वानुआतू या द्वीपराष्ट्राच्या दक्षिण टोकाला अनैत्युम हे डोंगराळ बेट आहे. तिथे प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पहिले मिशन स्थापन करणारे जॉन गेडी (१८१५–१८७२) यांची आठवण मुख्यतः एका स्मृतिफलकामुळे जगभर पोहोचली. अनेल्गौहात येथील चर्चमधल्या या फलकावरील मजकुराचा आशय असा : ते १८४८ मध्ये उतरले तेव्हा इथे एकही ख्रिस्ती नव्हता आणि १८७२ मध्ये गेले तेव्हा एकही ख्रिस्तेतर उरला नव्हता.

गेडी यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅन्फचा. ते तान्हे असतानाच घड्याळजी वडिलांनी कॅनडातील नोव्हा स्कोशियात पिक्टू येथे बिऱ्हाड हलवले. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर काही वर्षे पाळक म्हणून काम केल्यावर, परदेशी मिशनची कसलीही परंपरा नसलेल्या आपल्या छोट्याशा चर्चला त्यांनी या कामासाठी राजी केले. निघण्यापूर्वी ते छपाई शिकले. १८४६ च्या अखेरीस पत्नी शार्लट व मुलांसह ते निघाले आणि सामोआमार्गे जुलै १८४८ मध्ये अनैत्युमला पोहोचले. सामोअन उपदेशक तिथे त्यांच्याही आधी, १८४१ पासून, येऊन गेले होते. फलकावरील वाक्याने त्यांचे श्रेय झाकले जाते.

शेजारच्या चिमुकल्या इन्येउग बेटावर तेव्हा चंदनाच्या व्यापाऱ्यांचा तळ होता. या व्यापारातील अत्याचारांविरुद्ध गेडी यांनी सातत्याने लिहिले. नवरा मेला की बायकोचा गळा आवळण्याची बेटावरील प्रथा बंद पाडण्यासाठी ते झगडले. शार्लट यांनी मुलींना शिकवले. १८५२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन इंग्लिस आले आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूचे काम त्यांनी सांभाळले.

अनैत्युमी भाषेतील नवा करार १८६३ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८७९ मध्ये छापून झाले. त्याचा खर्च बेटकऱ्यांनी आरारूट पिकवून आणि ते परदेशी विकून भागवला. ही रक्कम सुमारे १,२०० पौंड होती. पैशाचा व्यवहार जेमतेम माहीत असलेल्या लोकांनी वर्षानुवर्षे सामूहिक कष्ट करून आपल्या भाषेतले पुस्तक विकत घेतले. गेडी यांच्या स्मरणात या गोष्टीला पहिले स्थान मिळायला हवे. अनैत्युमचे उपदेशक तान्ना, फुतुना अशा बेटांवरही गेले. भाषा वेगळी, माणसे अनोळखी, ताप आणि जिवाची भीती कायम. तिथे त्यांच्यापैकी काहींचा अंतही झाला. मिशनच्या इतिहासात गोऱ्या पाळकांची चरित्रे विस्ताराने येतात, या माणसांची मात्र अनेकदा नुसती नावे येतात.

दुसरी बाजू अतिशय दुःखद आहे. १८६१ मध्ये जहाजांबरोबर गोवर आला. त्या आजाराला कधीच तोंड न दिलेल्या सुमारे साडेतीन हजार वस्तीपैकी जवळजवळ एक तृतीयांश माणसे दगावली. पुढेही साथी येत राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वस्ती काही शेकड्यांवर आली. ख्रिस्तेतर कोणी उरला नाही हे वाक्य वाचताना, बेटावर माणसेच किती उरली होती हेही ध्यानात घ्यावे लागते. गेडी यांच्या प्रामाणिकपणावर त्यामुळे शंका येत नाही. पण धर्मांतर आणि ही जीवितहानी एकाच काळात घडली आणि दोन्ही एकत्रच सांगायला हवीत.

पक्षाघाताने खचलेल्या गेडी यांचे १४ डिसेंबर १८७२ रोजी ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे निधन झाले. प्रेसबिटेरियन चर्च आज वानुआतूतील सर्वांत मोठा ख्रिस्ती पंथ असून त्याचे नेतृत्व स्थानिक पाळकांकडे आहे.