अर्धी रिकामी लाइन

विजेची नवी अतिउच्चदाब लाइन उभी राहिली की वर्ष-दोन वर्षांत कुणीतरी हिशेब मांडतोच: क्षमता एवढी, वाहते त्याच्या निम्मीच, म्हणजे पैसे पाण्यात गेले. असा हिशेब करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रस्ता असतो. वाहनं कमी, तर रस्ता गरजेपेक्षा रुंद बांधला. पण ट्रान्समिशन लाइन मुख्यतः बांधतात ती शेजारची लाइन पडली तर तिचा भार त्याच क्षणी अंगावर घेता यावा म्हणून.

दोन उपकेंद्रांमध्ये एकसारख्या दोन लाइन आहेत, प्रत्येकीची मर्यादा 600 मेगावॉट. बेरीज 1200. पण 1200 चालू असताना एक ट्रिप झाली तर सगळा भार दुसरीवर येतो आणि तीही जाते. म्हणून या दोन लाइनमधून मिळून 600 च पाठवतात, दोन्ही निम्म्या रिकाम्या. कोणतंही एक उपकरण गेलं तरी उरलेल्यांनी तग धरला पाहिजे, या नियमाला ‘एन वजा एक’ म्हणतात (एन म्हणजे एकूण उपकरणं). आता तशीच तिसरी लाइन टाका. एक गेली तरी दोन उरतात, म्हणजे 1200 बिनघोर पाठवता येतात. तारा दीडपट झाल्या, पण भरवशाची क्षमता दुप्पट!

इथवरचं गणित शाळेतलं आहे. मला खरा रस आहे तो पुढच्या प्रश्नात: लाइनमधून किती वीज जाणार हे ठरवतं कोण? विजेला वाट दाखवणारा पोलीस नसतो आणि बहुतेक लाइनवर कमी-जास्त करायला तोटीही नसते. एका एसी (म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाच्या) ग्रिडमधले सगळे मोठे जनित्र एकाच लयीत फिरतात, 50 हर्ट्झच्या ग्रिडमध्ये सेकंदाला 50 आवर्तनांच्या लयीत. लय एकच, पण वीज पाठवणारं टोक घेणाऱ्या टोकापेक्षा किंचित पुढे असतं. दोन जड चाकं एका लांब रबरी दांड्याने जोडली आहेत अशी कल्पना करा. पहिलं चाक दुसऱ्याला फिरवायला लागलं की दांड्याला पीळ बसतो. तो पीळ म्हणजे दोन टोकांच्या व्होल्टेजमधला कोन. वाहणारी शक्ती या कोनाच्या साइनच्या प्रमाणात वाढते आणि लाइनच्या रिअॅक्टन्सच्या, म्हणजे एसी प्रवाहाला लाइन करते त्या विरोधाच्या, व्यस्त प्रमाणात घटते. 90 अंशांना साइन 1 होतो. त्यापुढे पीळ वाढवला तर शक्ती वाढण्याऐवजी कमीच होते.

समांतर लाइन म्हणजे शेजारी लावलेला आणखी एक दांडा. तेवढंच काम, पीळ कमी. एक दांडा तुटला की काय होतं ते पाहा. जनित्राला ढकलणारी वाफ किंवा पाणी त्या क्षणी कमी होत नाही, पण उरलेल्या लाइन जुन्या कोनावर पूर्वीइतकी शक्ती नेऊ शकत नाहीत. शिल्लक ऊर्जा चाकाचा वेग वाढवते, कोन वाढत जातो, नव्या समतोलाच्या बिंदूशी न थांबता झोक्यासारखा पुढे जातो. कोन आणि शक्ती यांचा आलेख काढला तर वेग वाढताना साठलेलं क्षेत्रफळ आणि वेग कमी होताना वापरलेलं क्षेत्रफळ यांची बरोबरी व्हावी लागते. पुढे तेवढी जागाच उरली नसेल तर चाक लय सोडतं. जास्तीच्या लाइनने विकत घेतलेली असते ती ही झोक्यापुरती जागा. (हा परिच्छेद दोनदा वाचावा लागला तर हरकत नाही. मला तो चारदा लिहावा लागला.)

30 जुलै 2012 रोजी पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी 400 किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर भारताची ग्रिड कोसळली. लाइनवर फॉल्ट नव्हताच. तिचं जोडीदार सर्किट वरच्या व्होल्टेजवर नेण्याच्या कामासाठी बंद होतं, त्यामुळे भार वाढला होता. डिस्टन्स रिले, म्हणजे फॉल्ट दिसताच लाइन तोडायला लावणारं उपकरण, व्होल्टेजला करंटने भागून फॉल्ट किती लांब आहे ते ओळखतो. करंट खूप आणि व्होल्टेज कमी, म्हणजे भागाकार लहान. रिलेला दूरवर शॉर्टसर्किट झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ग्रिड पुन्हा पडली, या वेळी पूर्व आणि ईशान्य विभागांसह. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेत ओहायोमध्ये आधी तीन लाइन झोळ पडून झाडांना टेकल्या, पण शेवटचा घाव घातला तो सॅमिस-स्टार लाइनच्या अशाच फसलेल्या रिलेने. सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. झाडांना टेकलेल्या तिघींपैकी पहिलीवर तर मर्यादेच्या निम्माही भार नव्हता. झाडं वेळेवर छाटलेली नव्हती, एवढंच.

मग लाइन टाकत सुटावं का? नाही. वरच्या दोन 600 वाल्या लाइनच्या शेजारी निम्म्या रिअॅक्टन्सची, पण 200 मेगावॉटच मर्यादा असलेली तिसरी जोडा. रिअॅक्टन्स कमी असल्याने एकूण विजेतला निम्मा वाटा तीच ओढते. म्हणजे 400 पाठवताच तिची मर्यादा संपली. ती जोडण्यापूर्वी 600 सुरक्षित जात होते! रस्त्यांच्या जाळ्यात असाच उफराटा प्रकार होतो, हे डीट्रिच ब्रेस या जर्मन गणितज्ञाने 1968 मध्ये दाखवलं होतं. म्हणूनच कुठे, किती व्होल्टेजची, किती रिअॅक्टन्सची लाइन, याचं गणित टॉवरच्या आधी होतं.

लाइनचा विषय निघाला की ‘टेस्लाने बिनतारी फुकट वीज शोधली होती, ती दडपली’ हा संशोधक निकोला टेस्लाबद्दलचा फॉरवर्ड येतोच. त्याच टेस्लाने बहुकलीय, म्हणजे एकमेकांच्या मागेपुढे चालणाऱ्या अनेक प्रवाहांच्या, एसी पद्धतीचा पाया घातला. ज्या टॉवरखालून आपण जातो, त्यावरच्या तीन तारांत त्याचं न दडपलेलं काम रोज चालू आहे.

तारा पुरेशा असूनही भागत नाही, हे युरोपने 4 नोव्हेंबर 2006 ला पाहिलं. नवं प्रवासी जहाज खालून जावं म्हणून जर्मनीत एम्स नदीवरची लाइन रात्री बंद करायची होती. वेळ ठरली होती पहाटे एकची आणि ‘एन वजा एक’ तपासणीही त्याच वेळेसाठी झाली होती. नंतर वेळ तीन तास अलीकडे आणली. नव्या वेळेचा हिशेब पुरेसा झाला नाही. रात्री साडेनऊनंतर लाइन बंद केली आणि दहा वाजून दहा मिनिटांनी युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत विभागली. दीड कोटीहून अधिक घरं अंधारात गेली.