टाकी लहान ठेवली की कासव लहान राहतं?

ठाण्यात, वाशीत लाल कानाचं कासव विकताना हमखास सांगतात, "टाकी छोटी ठेवा, कासव छोटंच राहील." हे साफ खोटं आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं ते पिल्लू मादी असेल तर 25 ते 30 सेंमी होतं. छोट्या टाकीत वाढ खुंटलीच, तर ती घाण पाण्यामुळे आणि कॅल्शियम व यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील) किरणांच्या अभावामुळे. अशा कासवाचं कवच बोटाने दाबलं तरी दबतं.

कवचाच्या दर इंचामागे साधारण 40 लिटर पाणी धरा. 8 इंची कासवाला 5 फूट लांब, 2 फूट रुंद टाकीत 14 इंच पाणी पुरतं. त्यावर 10-12 इंच रिकामा काठ हवाच, नाहीतर ते चढून बाहेर पडतं. पाण्याचंच वजन सव्वातीनशे किलो. टाकी भिंतीलगत, भक्कम स्टँडवर ठेवा. गोल बाऊल नकोच: पोहायला लांबी नाही, अंग सुकवायला कोरडा ओटा नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही चालत नाही, काच यूव्हीबी अडवते.

जागा नसेल तर घेऊ नका. मोठं झालं म्हणून ठाण्याच्या मासुंदा तलावात तर मुळीच सोडू नका. ही परदेशी जात देशी कासवांच्या मुळावर उठते.