‘माझं मी!’ म्हणणाऱ्या मेंदूत काय चाललेलं असतं

दोन वर्षांचं मूल आपल्या हातातून बूट हिसकावून घेतं आणि ओरडतं, "माझं मी!" मग डावा बूट उजव्या पायात, पट्टा उलटा, इकडे आपल्याला उशीर होतोय, आणि आपण पटकन म्हणून मोकळे होतो की फार हट्टी झालंय. मला तो शब्दच इथे चुकीचा वाटतो. त्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय हे कळलं ना, की पाच मिनिटं थांबणं खरंच सोपं जातं.

हात हलवायचा तर मेंदू स्नायूंना ऑर्डर पाठवतो, हे शाळेत झालंय. पण त्याच ऑर्डरची एक कॉपी मेंदू स्वतःकडेही ठेवतो, हिला इफरन्स कॉपी म्हणतात, १९५० मध्ये फोन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या दोघा शास्त्रज्ञांनी हे मांडलं. या कॉपीवरून मेंदू आधीच अंदाज बांधतो की आता हात इथे पोचेल, एवढं वजन लागेल, आणि मग डोळे, कातडी, सांधे यांच्याकडून खरी बातमी येते. अंदाज आणि बातमी यांत जी तफावत निघते तिच्यावरून पुढची ऑर्डर सुधारते, आणि या कामात लहान मेंदूचा, म्हणजे सेरेबेलमचा, मोठा वाटा असतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याही यामुळेच, कारण स्पर्शाचा अंदाज आधीच लागलेला असतो.

आता आपण मुलाचा हात धरून त्याच्याकडून पाणी ओतून घेतो तेव्हा ऑर्डर आपल्या मेंदूतून निघालेली असते. त्याच्याकडे ना कॉपी, ना अंदाज, मग तफावत कुठून येणार? मागच्या सीटवर बसून दहा वेळा गेलेला रस्ता आपल्यालाही लक्षात राहत नाही, तसंच आहे हे.

१९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन या शास्त्रज्ञांनी हेच तपासायला अंधारात वाढवलेल्या मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केला. रहाटपाळण्यासारखं आडवं फिरणारं यंत्र, एका टोकाला एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालतंय, दुसऱ्या टोकाला दुसरं पाळण्यात बसून तेवढंच फिरतंय, दोघांना दिसतंय जवळपास सारखंच. चालणारं पिल्लू खोल कडा दिसली की बाजूला व्हायचं, टेबलाजवळ नेलं की पंजे पुढे करायचं. पाळण्यातल्याला दिसत होतं सगळं, पण त्या दिसण्याचा उपयोग करता येत नव्हता! (नंतर मोकळं फिरू दिल्यावर ती पिल्लं सावरली.) मुलांवर असा प्रयोग कुणी करणार नाही आणि मांजरावरून माणसाचं सगळं ठरतही नाही, पण मला हा प्रयोग विसरता येत नाही.

तान्ह्या बाळातही याची सुरुवात दिसते. पाळण्यावरच्या खेळण्याची रिबीन तीनेक महिन्यांच्या बाळाच्या पायाला बांधली की थोड्याच वेळात ते जास्त लाथा मारायला लागतं, कारण आपण हलवलं की ते हलतं हे त्याला समजलेलं असतं. आणि चालायला शिकणारी मुलं? १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं तर तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. म्हणजे १७ वेळा अंदाज चुकला आणि सुधारला.

म्हणून बेबी वॉकरची जाहिरात बघितली की मला राग येतो. त्यात मूल लवकर चालतं हा निव्वळ गैरसमज आहे, उलट उशीर होऊ शकतो, शिवाय जिन्यावरून पडून डोक्याला मार बसतो तो वेगळाच. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर सरळ बंदी घातली. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या डॉक्टरबाईंनी १९४६ पासून चालवलेल्या बालगृहात तर नियमच होता की जे मूल आपलं आपण बसत नाही त्याला बसवायचं नाही.

गरम भांडं, रस्ता, उंच खिडकी इथे अर्थात आपणच हात धरायचा, तिथे चूक करून शिकायची सोय नसते. बाकी ठिकाणी पाणी ओतायला एक लहानसा जग द्या, त्यात अर्धंच पाणी ठेवा आणि शेजारी फडकं. पहिल्यांदा मूल जग एकदम कलंडवतं, पाणी टेबलभर. दुसऱ्यांदा कोपर वर उचलून, जीभ बाहेर काढून, हळूच. तिसऱ्यांदा ग्लास भरत आला की हात आपोआप थांबतो, आणि मग ते आपल्याकडे बघतं.