बोळात जीपीएस चुकतं, मग ड्रोन टिकतो कसा?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरणारा एक संदेश मलाही आला: लष्कराचा चिमुकला ड्रोन भिंतीपलीकडची माणसं बघतो. बघत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा साधारण 8 ते 14 मायक्रोमीटरचे अवरक्त किरण पकडतो. ते वीट सोडाच, खिडकीची साधी काचही ओलांडत नाहीत. असल्या चमत्कारांच्या नादात खरं कौतुक राहून जातं: दाट वस्तीत हे यंत्र जागेवर राहतं कसं?

नॉर्वेत तयार झालेलं ‘ब्लॅक हॉर्नेट’ हे असंच चिमुकलं यंत्र ब्रिटिश सैनिकांनी अफगाणिस्तानात वापरलं, तेव्हा त्याचं वजन 20 ग्रॅमहून कमी होतं. असं काही सराफ्यामागच्या बोळात उडवलं असं समजा. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर. त्यांचा रेडिओ-संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. बोळात आकाशाची पट्टीच दिसते, आणि बरेच संदेश भिंतींवर आपटून येतात. वाट 30 मीटरनं लांबली तर उशीर होतो फक्त 100 नॅनोसेकंदांचा, पण तेवढ्या चुकीत ड्रोन भलत्याच घरात!

वेगातला बदल मोजणाऱ्या त्वरणमापकावर विसंबावं, तर शाळेतलं सूत्र आडवं येतं: अंतर = ½ × त्वरण × काळाचा वर्ग. मापकात 0.01 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी कायमची चूक असली, तरी मिनिटाभरात 18 मीटरची घसरण.

म्हणून कॅमेरा मदतीला येतो. फरशीची कड, भिंतीचा पोपडा असे ठळक ठिपके निवडून पुढच्या चित्रात ते किती पिक्सेल सरकले हे मोजतात. यंत्र नुसतं कललं तरी ठिपके सरकतात, म्हणून घूर्णमापकानं (गायरोस्कोपनं) सांगितलेला फिरण्याचा वाटा वजा करायचा. उरलेला कोनीय वेग गुणिले पृष्ठभागापर्यंतचं अंतर, म्हणजे खरा वेग. खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यासाठी हे अंतर म्हणजे उंची. ती लेझर किंवा ध्वनिलहरींनी मोजता येते.

मधमाशी हेच करते! कीटकांच्या दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी माश्यांना पट्टेदार भिंतींच्या बोगद्यातून उडवलं. माश्या मधोमध उडाल्या. मग एका भिंतीचे पट्टे माशीच्याच दिशेनं सरकवले; माशी त्या भिंतीकडे झुकली. तिकडचं दृश्य हळू सरकतंय, म्हणजे भिंत लांब आहे, असा तिचा हिशेब. दोन्ही डोळ्यांतला वेग समान ठेवला की मध्य आपोआप साधतो, अंतर मोजावंच लागत नाही.

नुकती चुना फासलेली कोरी भिंत मात्र या युक्तीला चकवते. धरायला ठिपकाच नसतो, आणि ड्रोन पुन्हा त्वरणमापकाच्या भरवशावर येतो.