शंभर किलोंचा स्वार आणि टायरमधला ताण

इंदूरहून दक्षिणेला, महूच्या पुढे, मालव्याचे पठार संपते आणि विंध्याची धार चोरल नदीच्या खोऱ्याकडे उतरू लागते. पावसाळा सरला की पाताळपाणी, चोरल आणि जानापावच्या कच्च्या वाटांवर रविवारी सायकलस्वार दिसू लागतात. त्यांच्यापैकी ज्याचे वजन नव्वद-शंभर किलोंच्या वर आहे, त्याला टायर घेताना हमखास एकच सल्ला मिळतो: जाड रबराचा टायर घ्या आणि हवा ठासून भरा. या सल्ल्याचा पहिला भाग अर्धा बरोबर आहे. दुसरा भाग मात्र खडकाळ वाटेवर टायरचे आयुष्य कमी करतो. हे का घडते ते कळण्यासाठी टायर वजन पेलतो म्हणजे नेमके काय करतो, हे आधी पाहावे लागेल.

सर्वसाधारण समजूत अशी असते की चाकाखाली दाबली गेलेली हवा रिमला खालून वर ढकलते. परंतु शाळेत शिकलेला पास्कलचा नियम आठवला तर यातली अडचण लगेच लक्षात येते. बंद पोकळीतल्या हवेचा दाब सर्वत्र सारखा असतो, त्यामुळे ती रिमला खालच्या बाजूला जितकी वर ढकलते, तितकीच वरच्या बाजूला खाली ढकलते आणि दोन्ही बले एकमेकांना रद्द करतात. शिवाय शंभर किलोंचा माणूस सायकलवर बसला, तरी दाबमापकाचा काटा जवळपास हलत नाही, कारण टायरच्या एकूण आकारमानात पडणारा फरक अगदी किरकोळ असतो.

वजन पेलण्याचे काम टायरच्या सांगाड्यातले तंतू करतात. रबराच्या आत नायलॉनच्या तंतूंचे थर तिरपे, एकमेकांना छेदतील असे बसवलेले असतात आणि त्यांची टोके रिममध्ये अडकणाऱ्या तारेच्या कडेभोवती गुंडाळलेली असतात. आतली हवा हे कापड ताणून धरते आणि ताणलेले कापड रिमला सर्व बाजूंनी बाहेर ओढते, म्हणजे वरच्या बाजूला वर आणि खालच्या बाजूला खाली. चाक अधांतरी असताना ही ओढ समतोल असते. स्वार बसला की जमिनीलगत टायर चपटा होतो, त्याच्या भिंती बाहेर फुगतात आणि तिथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. फुगलेल्या भिंतीची वक्रता वाढल्यामुळे, म्हणजेच वक्रतेची त्रिज्या लहान झाल्यामुळे, तंतूंवरचा ताण घटतो. आणि उरलेल्या ताणाची दिशाही खाली न राहता बाजूला कलते. खालची ओढ अशी सैल पडते, वरची तशीच राहते आणि या दोहोंतला फरक स्वाराच्या वजनाइतका होतो. थोडक्यात, रिम टायरच्या वरच्या भागाला टांगलेली असते. गंमत म्हणजे त्याच चाकातले स्पोकही नेमके असेच वागतात. भाराखाली खालच्या स्पोकचा ताण कमी होतो. एकाच चाकात एकच तत्त्व दोनदा वापरले गेले आहे, आणि जॉन डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर केल्यापासून ते तसेच चालू आहे.

आता थोडे गणित करू. तंतूंवरचा ताण हा दाब आणि टायरच्या छेदाची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. तंतू तिरपे असल्याने थोडा फरक पडतो, पण तो इथे सोडून देऊ. १ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.०७ किलो. ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ६० पीएसआय हवा भरली, तर ४.२ गुणिले १.७५, म्हणजे सेंटीमीटरभर रुंदीच्या पट्टीवर सुमारे ७.३५ किलोंचा ताण येतो. ६० मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ३५ पीएसआय भरली, तर २.४५ गुणिले ३, म्हणजे पुन्हा ७.३५. दाब जवळजवळ निम्मा, तरी कापड तितकेच ताणलेले. याच रुंद टायरमध्ये कोणी ६० पीएसआय भरली, तर ताण साडेबारा किलोंच्या पुढे जातो. रुंद टायरवर छापलेली दाबाची कमाल मर्यादा अरुंद टायरपेक्षा कमी असते, याचे कारण हेच.

ताणाचा हा आकडा मालव्यात फार महत्त्वाचा ठरतो. इथला खडक दख्खनच्या लाव्ह्यातला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे. हा बारीक कणांचा कठीण दगड फुटला की त्याला धारदार कडा येतात. नदीपात्रात घासून गोल झालेले गोटे त्यामानाने निरुपद्रवी असतात. अशी कड टायरच्या भिंतीला लागली, की आधीच ताठ ओढलेला तंतू चटकन तुटतो. किंचित सैल कापड मात्र दगडाभोवती वळून निसटू शकते.

तरीही हवा वाटेल तितकी कमी करता येत नाही. १०५ किलोंचा स्वार आणि १५ किलोंची सायकल धरली, तर मागच्या चाकावर साधारण ६० टक्के, म्हणजे ७२ किलो भार येतो. ४० पीएसआय दाबाला तो पेलण्यासाठी जमिनीवर सुमारे २६ चौरस सेंटीमीटर टायर टेकावा लागतो. ६५ किलोंच्या स्वाराला १७ पुरतात. अरुंद टायर एवढे क्षेत्रफळ देण्यासाठी बराच खाली बसतो, मग रिम दगडाच्या जवळ येते आणि एखाद्या खड्ड्यात ट्यूब दोहोंमध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. रुंद टायर तितके क्षेत्रफळ कमी बसून देतो आणि रिमखाली हवेची उंचीही जास्त ठेवतो. म्हणून वजनदार स्वाराने आधी रुंदी पाहावी. फ्रेममध्ये जागा असेल, तर २.२५ ते २.४ इंच, म्हणजे टायरच्या भिंतीवर ५७ ते ६० हा आकडा शोधावा. त्यापुढचा ५५९, ५८४ किंवा ६२२ हा आकडा अनुक्रमे २६, २७.५ आणि २९ इंची चाकांच्या रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. तो जुळला नाही, तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट भिंतीची. तळाचे जाड रबर बाभळीच्या काट्यांना अडवते, पण दगडाने फाटते ती बाजू. तिथे रबराचा किंवा विणलेल्या कापडाचा जादा थर असलेला टायर घ्यावा. ९०० ग्रॅम ते १ किलोचा टायर अशा वाटेवर ६०० ग्रॅमच्या शर्यतीच्या टायरपेक्षा कितीतरी अधिक टिकतो. दर इंचाला तंतू किती, हा आकडा जाहिरातीत मिरवला जातो. मात्र तंतू जितके जास्त तितके ते बारीक असतात आणि भिंत तितकी नाजूक असते. काही उत्पादक तर तीन थर एकत्र मोजून १८० छापतात, तेव्हा एका थरात ६०च तंतू असतात. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे शुद्ध नायट्रोजन. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, त्यामुळे सायकलच्या टायरसाठी त्याचे वेगळे पैसे मोजणे आणि नव्या चाकाखाली लिंबू चिरडणे यांचा पंक्चरवर होणारा परिणाम सारखाच. लिंबू निदान स्वस्त पडते.

ट्यूबलेस टायरमध्ये चिमटण्यासाठी ट्यूबच नसते आणि आतला लॅटेक्सचा द्रव काट्यांची छिद्रे बुजवतो, पण भिंतीला पडलेली लांब चीर त्याने बुजत नाही. मालव्याच्या उन्हाळ्यात हा द्रव लवकर सुकतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी.

दाबाची सुरुवात २.४ इंची ट्यूबच्या टायरसाठी मागे ३५ आणि पुढे ३० पीएसआयपासून करता येईल. दगडावर रिम आदळल्याचा आवाज आला, तर दोन-दोन पीएसआय वाढवावे. वळणावर टायर बाजूला लोळू लागला, तरीही तेच करावे. दर फेरीनंतर दोन्ही भिंतींवरून हात फिरवून पाहावा. जिथे रबर झिजून तंतू उघडे पडले असतील, तो टायर तळाची नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलावा.