परकराच्या नाडीखालचा काळा डाग

पोळा जवळ आला की आमच्या गावात तापाचे पेशंट वाढतात. दोन वर्षांमागं माझी काकू अशीच पडली. सोयाबीनचं निंदण चालू होतं, येताना धुऱ्यावरचं गवत कापून बैलांना आणायची, आणि एका संध्याकाळी थंडी वाजून जो ताप भरला तो पाच दिवस हटेचना. गोळ्या झाल्या, सलाईन झालं, मलेरिया नाही, डेंग्यू नाही. शेवटी एका डॉक्टर मॅडमनं परकराच्या नाडीखाली बघितलं तर तिथं काळी खपली, बिडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून काकूनं कोणाला सांगितलंच नव्हतं.

तो होता स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर अन् आसपास यानं माणसं दगावली तेव्हा विदर्भात हे नाव पहिल्यांदा घरोघरी पोचलं. एक बारीक कीड असते, माइट म्हणतात, तिचं पिल्लू म्हणजे चिगर, डोळ्याला जेमतेम दिसतं. ते गवताच्या टोकावर बसून उंदराची वाट बघतं, जन्मात एकदाच अंगाला चिकटून पोट भरतं, मग मोठं होऊन मातीतच राहतं. उंदराऐवजी माणूस आला तर माणसाला चिकटतं, अन् चावलेल्या जागी ती काळी खपली धरते. या तापाचा ओरिएन्शिया नावाचा जंतू या किडीत आईकडून अंड्यात जातो, म्हणजे उंदीर मारले तरी जंतू मातीत शाबूतच. हा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून बसतो म्हणून अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्या त्याला लागत नाहीत, आणि डॉक्सिसायक्लिन, जी अगदी स्वस्त आहे, ती वेळेत दिली तर बहुतेकदा दोन दिवसांत ताप उतरतो. काकूचाही उतरला.

आता सांगा, हा आजार कोणाच्या खात्याचा? ताप दवाखान्याचा, उंदीर कृषीवाल्यांचे, कीड कीटकशास्त्रज्ञाची, पाऊस हवामानवाल्यांचा, अन् ते गवत खाणारे बैल पशुवैद्यकाचे. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं. काकूच्या आजाराचं कारण मात्र या सगळ्या रजिस्टरांच्या मधल्या फटीत पडलेलं होतं. माणूस, जनावर, निसर्ग यांची तब्येत एकत्र बघायची, याला वन हेल्थ म्हणतात. नागपूरला याच कामाच्या राष्ट्रीय संस्थेचं भूमिपूजन डिसेंबर २०२२ मधे झालं, खर्च ११० कोटींच्या वर. मला याचा खरंच आनंद झाला, कारण ही संस्था आमच्या उंबरठ्यावर येतेय.

पण बिल्डिंग झाली म्हणजे संशोधन झालं असं नाही. पैसा एकत्र कामाला लागला तर काय होतं ते २०२३ मधे दिसलं, वेल्लोरच्या डॉक्टरांनी देशातल्या ७ हॉस्पिटलांत मिळून अभ्यास करून दाखवलं की सीरियस पेशंटला डॉक्सिसायक्लिन अन् अझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून दिल्या तर एकेकटीपेक्षा जास्त फायदा होतो. हे दवाखान्याच्या आतलं झालं. वावरातलं काम याहून किचकट आहे, कारण धुऱ्यावर दर महिन्याला पिंजरे लावायचे, उंदराच्या कानातले चिगर मोजायचे, पावसाचा आकडा अन् गावातला ताप त्याच वहीत लिहायचा, आणि हे वर्षानुवर्षं करायचं. तीन वर्षांच्या प्रोजेक्टमधे तीनच पावसाळे येतात हो! त्यातला एक कोरडा गेला तर उरलं काय? माझं स्पष्ट मत आहे की संशोधनाच्या फंडातला मोठा वाटा या पिंजरे लावणाऱ्या, वही भरणाऱ्या माणसांच्या पगाराला जावा, आणि तो दहा वर्षं जावा.

तोवर पावसाळ्यात ताप आला तर काख, जांघ, कंबर घरच्याच माणसाकडून नीट बघून घ्या अन् काळी खपली दिसली तर लाजू नका, डॉक्टरला स्वतःहून दाखवा. काकू आता निंदणातून आली की आधी न्हाणीत जाते, कपडे गरम पाण्यात टाकते, मगच चहा.